सील-रविवार

नोव्हेंबरचा पहिला रविवार बेंगळुरातल्या राजाजीनगरात पद्मनाभ हुक्केरी यांच्या अंगणात सील-रविवार म्हणून पाळला जात असे. सकाळी सातला त्यांची धरून अकरा येझदी मोटारसायकली तिथे उभ्या राहायच्या. प्रत्येक गाडीचं डाव्या बाजूचं झाकण उघडायचं, क्लच बाहेर काढायचा आणि त्याच्यामागचं ऑइल सील बदलायचं. दुपारी दोनपर्यंत सगळ्या गाड्या जोडून तयार. मधे त्यांच्या बायकोच्या, सुलभाक्कांच्या, इडल्या. २०१२पासून हा नेम मोडला नव्हता. कोविडच्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या घरी, पद्मनाभ फोनवर सांगतील तसं, सील बदललं होतं.

सील म्हणजे रबराचं एक कडं, दोन बोटांत मावणारं. क्लचकडचं तेल इंजिनाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. ते झिजलं की तेल आत जाऊन जळतं आणि मागच्या दोन्ही नळ्यांतून पांढरा धूर निघतो. सील वर्षभरापेक्षा जास्त टिकत नाही, असं पद्मनाभ यांचं म्हणणं होतं, आणि ते म्हणतात म्हणजे तसंच असणार, हे ग्रुपचं म्हणणं होतं. पद्मनाभ सदुसष्ट वर्षांचे. मूळचे निपाणीकडचे. मशीन टूलच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. मिलिमीटरचा शंभरावा भाग हे त्यांचं रोजचं माप होतं.

निधी गोगटे या ग्रुपमधली सर्वांत नवी. वय एकतीस, पुण्याची, हेब्बाळला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. तिची १९८७ची येझदी रोडकिंग तिने दीड वर्षापूर्वी आनेकलच्या ज्योतिबा पाटलांकडून घेतली होती. तेव्हापासून त्या गाडीने पाच सीलं खाल्ली होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सगळे नंदीच्या रस्त्याला नाश्त्याला थांबले, तेव्हा निधीची गाडी पुन्हा धूर सोडत होती. पद्मनाभ यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“कधी बदललीस?”

“सोळाशे नव्वद किलोमीटर झाले, अण्णा.”

“महिने विचारालोय मी.”

“साडेतीन.”

“साडेतीन महिन्यात सील गाडी खात नाही. हात खातो.” त्यांनी आवाज चढवला नाही. मापाचा आकडा सांगावा तसं सांगितलं. “सकाळी चालू केल्या केल्या मूठ पिळतीस. सिग्नलला क्लच धरून ठेवतीस.”

“मी न्यूट्रल करते. प्रत्येक सिग्नलला.”

“हेब्बाळच्या फ्लायओव्हरखाली कोण न्यूट्रल करतंय?”

“तिथं लोक इंजिन बंद करून डबा खातात, अण्णा,” वादिराज म्हणाला. त्याचं चिकपेटेत बेअरिंग आणि रबरी मालाचं दुकान होतं, आणि ग्रुपची सगळी सीलं तिथूनच यायची.

पद्मनाभ हसले नाहीत. “त्यात ते इंजिन ज्योतिबाच्या हाताखालचं. त्यानं ते आधीच बाद केलंय. मंड्याला एक चांगलं इंजिन बघून ठेवलोय. सील-रविवारी हे उतरवायचं, ते चढवायचं. ह्याचे सुटे भाग कुणाच्या तरी कामाला येतील.”

“कारण कळायच्या आधीच?”

“कारण सांगितलं की आत्ता.”

हात, हे कारण निधीच्या ओळखीचं होतं. ऑफिसात तिने एखादा दोष दाखवला की प्रोग्रॅम लिहिणारे पहिलं उत्तर तेच द्यायचे, वापरणाऱ्याचं चुकलं असेल. दहात एकदा ते खरंही निघायचं. म्हणून ती ते लगेच खोडून काढत नसे आणि लगेच मान्यही करत नसे. सील-रविवारला तीन आठवडे होते. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर इंजिन सुटं होऊन दहा जणांत वाटलं जाणार होतं, आणि मग ते कधीच सापडणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती बसने आनेकलला गेली.

ज्योतिबा पाटील एकोणसत्तर वर्षांचे होते. जिगणीच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर पंचवीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. घराच्या मागच्या ओसरीवर ते आणि त्यांची बायको यल्लव्वा बसले होते. यल्लव्वा ब्लाउजला हुक लावत होत्या.

“गाडी विकलो म्हणजे धूर पण विकला की,” ज्योतिबा म्हणाले. “आता तो तुझा.”

“परत करायला नाही आले, काका. विचारायला आलेय. तुमच्याकडे असताना सील किती दिवसांनी जायचं?”

“दिवसांचं काय. रोज कामावर जाऊन येऊन तीस किलोमीटर. सतराशे झाले की गेलं. कधी सोळाशे. दोन वर्षांत नऊ सीलं घातलो. शेवटी पद्मनाभ सगळ्यांच्या पुढं म्हटला, ज्योतिबा, तुझा हात प्रेसवरचा हाय, इंजिनाचा न्हवे. महिन्या-दोन महिन्यात सील खातोस. माझं बघ, वर्ष जातंय.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? तो मोजून बोलणारा माणूस. म्हटलं, असंल. दोन हजार तेराला गाडी शेडात लावलो ती तू न्हेईपर्यंत तिथंच होती.”

“गाडीचं सोड,” यल्लव्वा सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. “तवापासनं घरात कशाला हात लावत नाही. नळाचा वॉशर बाहेरचा माणूस येऊन बसवतोय. मिक्सरचं भांडं मी बसवायचं. हात जड म्हणं ह्यांचा.”

त्यांनी सुई आणि दोरा नवऱ्यापुढे केला. ज्योतिबांनी बोलता बोलता दोरा ओवला आणि सुई परत दिली.

निधीने पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. गाडी कधी घेतली, धूर कधीपासून, त्याआधी काय काय काम केलं. १९८७ ते २०११ या चोवीस वर्षांत ज्योतिबांनी तीनदा सील बदललं होतं.

“तीनदा? चोवीस वर्षांत?”

“तिसरं तर बरं होतं. इंजिन उघडलंच होतं म्हणून बदललं. अकरा सालच्या मे महिन्यात. माझं आणि पद्मनाभचं, दोन्ही इंजिनं एकदमच खाली काढली. त्याच्याच टेबलावर. दोन दिवस मी रॉकेलनं सगळं धुवालो. जोडणी त्यानं केली. मला म्हटला, तू चहा घे जा.”

“आणि त्यानंतर धूर.”

“त्यानंतर.” ज्योतिबा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. “पण जोडणी पद्मनाभची. तिथं चूक नाही सापडायची तुला, बाळ. त्याच्यासारखा हात बेंगळुरात नाही.”

परतीच्या बसमध्ये निधीने फोनवर आकडे लिहून काढले. तिची स्वतःची पाच सीलं सोळाशे चाळीस ते सतराशे दहा किलोमीटरच्या दरम्यान गेली होती. ज्योतिबांचीही सोळाशे ते सतराशे. दोन वेगळे हात, एक हेब्बाळच्या गर्दीत आणि एक जिगणीच्या रिकाम्या रस्त्यावर, आणि झीज एकसारखी. हाताचा दोष असता तर आकडे इतके जवळ आले नसते.

मग इतरांची सीलं किती टिकतात, हे बघायला हवं होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. टिकतात की नाही हे कळायच्या आत, दर नोव्हेंबरला, ती काढून टाकली जात होती.

“काढलेली सीलं कुठे जातात?” तिने वादिराजला फोन करून विचारलं.

“माझ्याकडं. नवीन सील पाकिटातून द्यायचं, जुनं त्याच पाकिटात घालून परत घ्यायचं. साइज चुकत नाही मग.”

“आणि पाकिटं?”

“मेडम, चिकपेटेत बसलोय मी. इथं कोण काय टाकून देतं?”

दुकानाच्या माळ्यावर बिस्किटांचे तेरा पत्र्याचे डबे होते, दर वर्षाचा एक. वादिराजने ते एकेक करून खाली दिले. प्रत्येक पाकिटावर गाडीचा नंबर आणि तारीख होती. गल्ल्यासमोर वर्तमानपत्र पसरून निधीने गाडीप्रमाणे ढीग लावायला घेतले. गिऱ्हाइकं बाजूने हात घालून माल मागत होती. एकाने ही सीलं जुनी मिळतात का म्हणून विचारलं.

सीलच्या आतल्या कडेला रबराची एक धारदार ओठासारखी कड असते. झीज तिथे दिसते. निधीने पहिल्या ढिगातलं एक उचललं, बोट फिरवलं, वादिराजकडे दिलं.

वादिराजने चष्मा वर केला. “हे नवीन आहे.”

“वर्षभर वापरलेलं आहे. तुमचंच. २०१९.”

“नवीन आहे हो हे. परत विकीन मी.”

नऊ गाड्यांचे नऊ ढीग त्यांनी बघितले. शंभराहून जास्त सीलं, त्यातली तीन सोडली तर सगळी ठणठणीत. दहाव्या ढिगात निधीची आणि ज्योतिबांची होती. सगळी झिजलेली, आणि झिजलेली एकाच बाजूला, चंद्रकोरीसारखी. बाकी कड शाबूत.

अकरावा ढीग सर्वांत उंच होता. पद्मनाभ यांची पाकिटं तेरा असायला हवी होती. ती सव्वीस निघाली.

“एप्रिलमध्ये एक जास्तीचं नेतात अण्णा,” वादिराज म्हणाला. “स्पेअर म्हणून.”

“आणि जुनं पाकिटात घालून परत देतात.”

निधीने एक पाकीट उलटं केलं. चंद्रकोर. दुसरं उलटं केलं. चंद्रकोर. पद्मनाभ आपल्या पाकिटांवर तारखेबरोबर किलोमीटरही लिहीत. बारीक, सरळ अक्षरात. १६८०. १७२०. १६६०. ते फक्त रविवारी गाडी काढायचे. त्यांना सतराशेला सहा महिने लागायचे, ज्योतिबांना दोन, निधीला साडेतीन. महिने मोजले तर तीन वेगळे हात दिसत होते. किलोमीटर मोजले तर एकच रोग होता, आणि तो दोन गाड्यांना होता. मे २०११मध्ये एकाच टेबलावर उघडलेल्या दोन गाड्यांना.

“म्हणजे अण्णांना आपलं सील दर वेळी झिजलेलं दिसायचं,” वादिराज सावकाश म्हणाला, “म्हणून त्यांना वाटलं, सगळ्यांचंच झिजतं.”

“आणि बाकीच्यांची त्यांनी कधी बघितलीच नाहीत. तुम्ही लगेच पाकिटात घालत होतात.”

“माझंच चुकलं म्हणा आता.”

त्या आठवड्यात निधीने ऑफिसमधून आल्यावर दोन दिवस, उजेड असेपर्यंत, गाडी स्टँडवर चढवून तिच्याखाली चटई टाकली आणि इंजिनाचा तळ तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने घासला. चौदा वर्षांची काजळी होती. येझदीच्या इंजिनाचं खालचं धड, ज्याला गॅरेजात चेंबर म्हणतात, ते डावं आणि उजवं अशा दोन अर्ध्यांचं असतं. शिंपल्यासारखी ती दोन अर्धी बोल्टने एकत्र येतात. जोडाच्या रेषेजवळ, तळाला, धातूत ठोकलेले आकडे निघाले. डाव्या अर्ध्यावर ४१७. उजव्या अर्ध्यावर ३९२.

तिने फोटो काढून वादिराजला पाठवला. वादिराजने म्हैसूरला ओळखीच्या एका म्हाताऱ्या फिटरला फोन लावला आणि निधीला त्यात घेतलं. फिटरने फोटो बघितला नव्हता. दोन वेगळे आकडे आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, असणारच नाहीत, नीट पुसून बघा. दोन्ही अर्धी एकत्र आवळून मग त्यांत बेअरिंगची भोकं एका फटक्यात पाडतात, म्हणून जोडीला एकच आकडा देतात, एकाची जोडी दुसऱ्याला लागत नाही. बसते, पण लागत नाही. सीलमधून जाणारा शाफ्ट केसभर तिरका फिरतो आणि सील एका बाजूने खातो. हे सगळं त्याने कन्नडमध्ये, एका दमात सांगितलं आणि त्याच्या नातीच्या शाळेची बस आली म्हणून फोन ठेवला.

सील-रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी निधी राजाजीनगरला गेली. पद्मनाभ टेबलावर पाने आकाराप्रमाणे मांडत होते. मंड्याचं इंजिन कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेलं होतं.

“ये की. उद्याची तयारी चाललीय.”

तिने फोन त्यांच्यापुढे ठेवला. “अण्णा, हे माझ्या गाडीच्या तळाचे आकडे. म्हैसूरच्या फिटरने सांगितलं, दोन्ही सारखे असायला पाहिजेत. दोन्ही अर्धी एकत्रच बोअर केलेली असतात.”

पद्मनाभ यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. फोटो मोठा केला. बराच वेळ ते आकडे वाचत राहिले. त्यांना आकडा वाचायला इतका वेळ लागत नसे, हे निधीला माहीत होतं.

“एकत्र बोअर करतात, असं म्हटला तो?”

“हो.”

ते उठले आणि कपाटातून एक जाड वही घेऊन आले. २०११ची. दोन इंजिनांची सगळी मापं तिच्यात होती. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं.

“माझ्या उजव्या अर्ध्यात बेअरिंग तीन शतांश सैल बसत होतं. ज्योतिबाच्या उजव्यात दोन शतांश घट्ट. बेअरिंगं शाफ्टवर आधीच चढवली होती, ती परत ओढली तर खराब होतात. मी उजवी अर्धी आलटून बघितली. दोन्हीकडं माप एकदम बरोबर आलं.” ते थांबले. “एकदम बरोबर. शंभरातला एकपण इकडंतिकडं नाही. आमच्या कारखान्यात कुठलाही भाग कुठल्याही भागाला बसायचा. बसलाच पाहिजे, नाहीतर मी परत पाठवायचो. एकतीस वर्षं तेच केलं. मला वाटलं, दोघांचंपण भलं झालं.”

“तुम्ही ज्योतिबाकाकांना सांगितलंत?”

“नाही.”

“आणि आकडे? तळाचे?”

“दिसले होते. वाटलं, कास्टिंगचा नंबर असंल.”

सुलभाक्का चहा घेऊन आल्या, दोघांकडे बघून कप ठेवून परत गेल्या.

“एप्रिलचं सील, अण्णा. तुम्हाला कधी शंका नाही आली?”

“वर्ष टिकतंय म्हणून मीच सगळ्यांना सांगितलेलं. माझंच सहा महिन्यात जातंय, हे कसं सांगणार?” त्यांनी वही मिटली. “म्हटलं, वय झालं, माझाही हात जड झाला असंल.”

निधीला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. पुढचं तिच्या हातात नव्हतं. तिने दोन मिनिटं वाट बघितली.

“उद्या दहा जण येणार,” पद्मनाभ म्हणाले, आणि पुन्हा पाने मांडायला लागले. त्यांनी बारा नंबरचा पाना चौदाच्या पुढे ठेवला, तो उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. निधी निघाली तेव्हा ते उद्या काय करणार आहेत, हे तिला कळलेलं नव्हतं.

रविवारी सात वाजता फाटक उघडं होतं. पद्मनाभ यांची गाडी अंगणाच्या मधोमध उजव्या कुशीवर, जुन्या गादीवर आडवी केली होती. तळ घासून चकचकीत. ३९२, ४१७. टेबलावर एकही नवीन सील नव्हतं.

सगळे जमल्यावर पद्मनाभ गाडीजवळ उभे राहिले. आधी कन्नडमध्ये बोलले, मग निधीसाठी आणि एकदोघांसाठी तेच मराठीत. सहा-सात वाक्यंच होती. कुठेही ‘पण’ आला नाही. शेवटी म्हणाले, “आज कुणी सील बदलायचं नाही.”



“म्हणजे तेरा वर्षं आम्ही उगाच उघडालोय?” वादिराजने विचारलं, जणू त्याला हे आत्ताच कळत होतं.

“उगाच.”

“सरी. बरं, मग इडली तरी आहे का, की तीपण उगाच होती?”

दोघंतिघं हसले. बाकीचे अजून आडव्या गाडीकडे बघत होते. एकाने वाकून आपल्या गाडीचा तळ चाचपला.

पद्मनाभ निधीकडे आले. “मला आनेकलला सोड.”

“कॅब बोलवू?”

“तुझ्या गाडीवर.”

पद्मनाभ आजवर कुणाच्या मागे बसले नव्हते. आज बसले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सिल्क बोर्डच्या पुढे गाडीने धूर सोडायला सुरुवात केली. बोम्मनहळ्ळीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने नाकावर रुमाल धरून, डासांची फवारणी कुठल्या वॉर्डात आहे, असं विचारलं. पद्मनाभ यांनी त्याला कन्नडमध्ये सांगितलं की चूक गाडीची नाही, चालवणारीचीही नाही. रिक्षावाल्याने हे विचारलं नव्हतं. तो पुढे निघून गेला.

ज्योतिबा ओसरीवर होते. पद्मनाभ यांना बघून उठले नाहीत, फक्त पाय आखडून जागा केली. बारा वर्षांत दोघं दोन लग्नांत भेटले होते, तेवढंच.

पद्मनाभ बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. वहीतली मापंही सांगितली. ज्योतिबांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“मला विचारला का नाहीस तेव्हा?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तुला काय कळतंय, असं वाटलं.”

ज्योतिबांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना अपेक्षित असावं. “कुणाकुणाला सांगितलास?”

“सगळ्यांना. आज सकाळी.”

“काय सांगितलास? तसंच सांग.”

पद्मनाभ यांनी तसंच सांगितलं. “ज्योतिबाच्या हातात दोष नव्हता. मी त्याला न विचारता चेंबर आलटलं, आणि पुढं दोष त्याच्यावर घातला.”

“हिला ऐकू आलं नाही.” ज्योतिबांनी आत हाक मारली. यल्लव्वा पदराला हात पुसत बाहेर आल्या. “आता सांग.”

पद्मनाभ यांनी पुन्हा सांगितलं, शब्दही न बदलता. यल्लव्वांनी ऐकून घेतलं.

“आणि हे शोधायला ही पोरगी पुण्यास्नं यायला लागली व्हय?” त्या म्हणाल्या आणि परत आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला.

ज्योतिबा उठून गाडीजवळ गेले. खाली बसायला त्यांना वेळ लागला. तळाचे आकडे त्यांनी बोटाने वाचले. “पुढच्या रविवारी तुझी पण गाडी टेम्पोत घालून आण,” ते तिथूनच म्हणाले. “दोन्ही इंजिनं इथं उघडायची. जोडणार मी.”

“सरी.”

“मायक्रोमीटर आणू नकोस.”

“ज्योतिबा, तीन शतांश सैल आहे ते. बेअरिंग नवीन लागंल, मोजल्याशिवाय—”

“बेअरिंग वादिराज मोजून देईल.”

नऊ नोव्हेंबरला दोन्ही इंजिनं आनेकलच्या ओसरीवर खाली आली. पद्मनाभ वेताच्या मोड्यावर बसले होते. त्यांना विचारलं तर ते सांगत होते, आणि ज्योतिबांनी दिवसभरात त्यांना चार वेळा विचारलं. ४१७ची जोडी संध्याकाळी एकत्र आली. निधीने भाग पुसून हातात देण्याचं काम केलं. शाफ्ट एका बोटाने ढकलला तर तो फिरला आणि फिरतच राहिला. पद्मनाभ मोड्यावरून अर्धे उठले, मग बसले.

“एवढा सुटा तेव्हा फिरला नव्हता,” ते म्हणाले. “मला वाटलं, नवीन बेअरिंग आहे, रुळंल.”

निधीची गाडी त्या रात्री तिथेच राहिली, आणि पुढच्या रविवारी, सोळा तारखेला सकाळी, चालू झाली. पद्मनाभ यांचं इंजिन अजून दोन घमेल्यांत होतं. ज्योतिबांनी आपलं जुनं इंजिन आधी करायचं असं ठरवलं होतं आणि त्यावर चर्चा झाली नव्हती. धूर नव्हता. पण तो नवीन सील घातल्यावर कधीच नसतो. खरं-खोटं सतराशे किलोमीटरनंतर कळणार होतं.

ज्योतिबांनी एक चक्कर मारून येतो म्हटलं आणि पाऊण तासाने परत आले. हेल्मेट काढून त्यांनी केस नीट केले.

“महिन्याला किती चालवतीस तू?” त्यांनी निधीला विचारलं.

“पाचशेच्या आसपास.”

“म्हणजे साडेतीन महिने. होळीपर्यंत कोण थांबणार?” त्यांनी किल्ली अजून परत केली नव्हती. “मला रोज सकाळी उठून तसं काही काम नसतंय. जिगणीला जाऊन येईन म्हणतो. तिथनं अत्तिबेले. दोन महिन्यांत सांगतो तुला, टिकलं का नाही ते.”

“रोज जाणार तुम्ही?”

“तपासायला नको?”

“तपासायला तर पाहिजेच,” निधी म्हणाली. “किलोमीटर लिहून ठेवा मात्र. तारखेबरोबर.”

त्या दिवशी निधी आणि पद्मनाभ आनेकलच्या स्टँडवर बसची वाट बघत उभे होते. तिच्या हातात हेल्मेट, त्यांच्या हातात रिकामी पिशवी. समोरच्या रस्त्यावरून ज्योतिबा एकदा गेले आणि थोड्या वेळाने उलट दिशेने पुन्हा गेले. दोन्ही वेळा त्यांचं लक्ष स्टँडकडे नव्हतं. दुसऱ्या वेळी ते पन्नासच्या वर असावेत.

“नवीन जोडणी आहे,” पद्मनाभ म्हणाले. “पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या खाली…”

निधीने त्यांच्याकडे बघितलं. ते थांबले. गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत ते ऐकत राहिले, मग येणाऱ्या बसची पाटी वाचायला रस्त्याच्या कडेला गेले.